एक किलो आठशे ग्रॅम

काट्यावर ६५.२ आलं.

मी जेट स्कीचा हल खाली घ्यायला सांगितला, काटा शून्यावर आणला आणि हल पुन्हा वर ठेवायला सांगितला. पुन्हा ६५.२. माझ्या वहीत तीन दिवसांपूर्वीचं वजन होतं ६३.४ किलो. त्याआधी सलग चार दिवस तेवढंच भरलं होतं. म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीत, बंद शेडमध्ये ठेवलेल्या वस्तूचं वजन एक किलो आठशे ग्रॅमनं वाढलं होतं.

टेबलावर फोमचे दोन्ही कॅन उघडून ठेवलेले होते. ड्रिल मशीनला मिक्सरची दांडी लावलेली होती. हमीदचाचा हातमोजे घालून तयार होते. साहेब घड्याळ बघत होते.

"काय झालं?"

"वजन वाढलंय, सर."

"किती?"

मी सांगितलं. साहेब हसले. "अगं, दोन किलोचं काय घेऊन बसलीस? काटा सरकला असंल. चला, सुरू करा."

मी पहिल्या कॅनचं झाकण परत लावलं. मला मोठ्या आवाजात नाही म्हणता येत नाही, त्यामुळे अशा वेळी मी हातानं काहीतरी करते.

आमचं वर्कशॉप साताऱ्याच्या एमआयडीसीत आहे. फायबरचं काम. कूलरच्या बॉड्या, बसचे पुढचे पॅनल, टाक्या. मालक सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झाले. तिथे ते गाड्यांच्या दुरुस्तीत होते. सगळे त्यांना साहेब म्हणतात, मी सर म्हणते. हमीदचाचा मिरजेचे, साठीच्या आसपास, आमचे सगळ्यात जुने लॅमिनेटर. कापडावर रेझिन चढवून थरावर थर बसवण्याच्या कामाला लॅमिनेशन म्हणतात आणि त्यात चाचांचा हात धरणारं शेडमध्ये कोणी नाही. मी तिथे तीन वर्षं इंजिनिअर आहे.

जेट स्कीचं काम आम्ही आधी कधी केलं नव्हतं. ती विट्याच्या प्रतीकची होती. त्याच्या घरचं कोचीला गलाईचं दुकान आहे, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्याचं. तो तिथेच वाढला आणि तिथल्याच समुद्रात ही उभ्यानं चालवायची जेट स्की शिकला. हिला सीट नसते. मागच्या बाजूला पाय ठेवायला एक लांब ट्रे असतो, त्यात उभं राहायचं आणि पुढून येणारा दांडा धरायचा. हल म्हणजे तिचं होडीसारखं अंग. इंजिन, पंप, दांडा सगळं काढलं की जे उरतं ते.

या हलच्या पोकळ्यांत फोम भरलेला असतो. घट्ट, हलका, लाखो बंद फुग्यांचा. इंजिनच्या कप्प्यात पाणी शिरलं तरी मशीन तरंगत ठेवण्याचं काम त्याचं. पण वर्षं गेली, आदळआपट झाली की फुगे फुटतात, आणि मग तोच फोम स्पंजासारखा पाणी धरून बसतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

प्रतीकला ते मे महिन्यात कळलं. गावी आला असताना तो कोयनेच्या बॅकवॉटरमध्ये मशीन घेऊन गेला. मध्यावर इंजिन बंद पडलं. आत पाणी आलं, आणि मशीन तरंगायचं सोडून नाकावर खाली जायला लागलं. त्याच्या अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून तो वाचला. मासेमारांच्या जाळ्याला बांधलेला एक प्लास्टिकचा ड्रम धरून तो पाऊण तास पाण्यात होता. मशीन नंतर दोर लावून वर काढलं.

पहिल्या दिवशी त्यानं मला एवढंच सांगितलं होतं. "मॅडम, इंजिन बंद पडू दे. ते कवातरी पडतंयच. पण परत माझ्या पायाखालनं ते जायला नको. तेवढं बघा."

तेवढं बघणं हेच आमचं काम होतं. इंजिन काढल्यावर हल ८४.६ किलो भरला होता. आम्ही जुना फोम खरवडून काढला, तो १९.२ किलो निघाला. त्यातलं बहुतेक पाणीच होतं. नाकाजवळ आणि वरचा-खालचा भाग जिथे चिकटवलेला असतो त्या सांध्यावर चिरा होत्या. तिथे घासून, पुसून, कार्बनचं कापड आणि इपॉक्सी रेझिन लावून आतून मजबुती दिली. मग तीन आठवडे हॅलोजनचे दिवे लावून हल सुकवला. वजन उतरत उतरत ६३.४ वर येऊन थांबलं. वजन थांबलं म्हणजे पाणी संपलं, असा माझा साधा नियम होता.

आता फक्त नवा फोम ओतायचा होता. दोन द्रव समान घ्यायचे, वीस सेकंद ढवळायचे आणि ओतायचे. मिनिटाभरात ते पंचवीसपट फुगतात आणि घट्ट होतात. पण त्यातल्या एका द्रवाची पाण्याशी लगेच प्रक्रिया होते. ओलाव्यावर फोम ओतला तर त्यात नको तेवढा वायू होतो, फुगे मोठे आणि कच्चे होतात, भिंतीला पकड बसत नाही. आणि एकदा फोम बसला की आत काय झालंय ते कोणालाच दिसत नाही.

प्रतीकनं गोव्यातल्या एका स्पर्धेत नाव दिलं होतं. स्पर्धा नऊ दिवसांवर होती. इंजिन परत बसवायला चार दिवस लागणार होते. म्हणून साहेब घड्याळ बघत होते.

"सर," मी म्हणाले, "पावणेदोन लिटर पाणी आत आहे. कुठे आहे ते कळल्याशिवाय ओतायला नको."

"पाणी येईल कुठनं? पाऊस न्हाई, छपराला गळती न्हाई."

मग हमीदचाचांनी हातमोजे काढायला सुरुवात केली. आधी एक, मग दुसरा.

"मी धुतली साहेब," ते म्हणाले. "खंडेनवमीला."

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं आणि मशिनं धुवून पुसून ओळीनं मांडतात. हळद-कुंकू, झेंडूचे हार, नारळ. पूजा साहेब करतात, पण धुण्याचं काम दर वर्षी चाचांचं. ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी मी सुट्टीवर सांगलीला घरी होते. चाचांनी ग्राइंडर पुसले, कॉम्प्रेसर पुसला, काटा धुतला. मग स्टँडवरच्या हलमध्ये घासकामाची काळी धूळ दिसली. पूजेला बसणारी वस्तू अशी कशी ठेवायची, म्हणून त्यांनी ती आतून दोन बादल्या पाण्यानं धुवून काढली, फडक्यानं कोरडी केली आणि हार घातला.

"चाचा, तीस वर्षं झाली तुमाला ह्या लाइनीत," साहेब म्हणाले. "पोरगीनं तीन आठवडे दिवे लावून सुकवलं, अन् तुमी पाइपानं धुतलं?"

"पाइपानं नाही साहेब. बादलीनं."

एरवी यावर सगळे हसले असते. साहेबांनी हल उभा करायला सांगितला. चौघांनी नाक वर करून तो मागच्या टोकावर उभा केला आणि पंपाच्या भोकाखाली घमेलं धरलं. थोडं पाणी आलं, मग थेंब, मग तेही थांबलं. मी ते मापात घेतलं. दोनशे मिली.

"निघालं की," साहेब म्हणाले. "दिवसभर दिवे लावा. उद्या सकाळी ओतू."

हल पुन्हा काट्यावर ठेवला. ६५.०. अजून एक किलो सहाशे ग्रॅम आत होतं.

ते कुठे असू शकतं, हे त्या क्षणी मला कळलं.

ट्रेच्या दोन्ही बाजूंना हलमध्ये दोन लांब अरुंद पोकळ्या असतात. तोंडाशी जेमतेम हात जाईल एवढ्या, मागे रुंद होत गेलेल्या. पुढून हात घालायचा तर कोपरापर्यंत जातो, त्यापुढे खांदा अडतो. चाचांचा पंजा आतच जात नव्हता. बाकी कोणाचाही नाही. माझाच जात होता. म्हणून तिथला फोम काढण्याचं काम माझं होतं. मी लांब स्क्रू ड्रायव्हरला पत्रा वाकवून बांधला आणि जेवढा ओढता आला तेवढा ओढला. शेवटचा फूटभर राहिला. टॉर्च मारून पाहिलं तर तो पिवळा, कोरडा, कडक दिसला. नाकाकडचा फोम काळा आणि कुजलेला होता, त्याच्यापुढे हा नव्यासारखाच. फायबरच्या काठानं माझा दंड दोन ठिकाणी सोलवटला होता. संध्याकाळ झाली होती. साहेबांचा फोन आला, सगळा फोम निघाला का? मी हो सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी जॉब कार्डवर "जुना फोम काढला: १००%" असं लिहून खाली सही केली.

खोटं बोलायचं म्हणून नव्हे. हो म्हटलं की फोन लवकर संपतो.

आता मी हलमध्ये वाकले, बाही वर केली आणि डाव्या पोकळीत हात घातला. बोटं फोमला लागली. दाबली. बोटांच्या मधून गार पाणी मनगटावर आलं.

खंडेनवमीला हल स्टँडवर नाक वर करून ठेवलेला होता. चाचांनी ओतलेलं पाणी मागे गेलं, त्या पोकळ्यांत साठलं आणि तो कोरडा, पिवळा, नव्यासारखा फोम दोन दिवस ते पीत बसला. म्हणजे त्याचेही फुगे फुटलेलेच होते. इतकी वर्षं पाणी तिथपर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच.

मी हात बाहेर काढला आणि जीन्सला पुसला. कोणाचं लक्ष नव्हतं. दोघं जण दिवे लावत होते. चाचा बाजूला स्टुलावर बसले होते. दिवसभरात फोमचा पुढचा पृष्ठभाग सुकला असता. वजन थोडं उतरलं असतं. साहेबांनी चालतंय म्हटलं असतं. नवा फोम त्याच्यावर बसला असता, आणि आतला स्पंज कायमचा झाकला गेला असता. तिथे हात फक्त माझाच पोचतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी हिशोब केला. त्या दोन पोकळ्यांत साधारण दहा लिटरची जागा होती. समुद्रात एक सीझन गेला की हा फोम आठ-नऊ किलो पाणी धरणार. शिवाय तिथूनच ओल नव्या फोमच्या मागे सरकणार. मे महिन्यात जे झालं ते पुन्हा होण्यासाठी याहून जास्त काही लागत नाही.

साहेब तोपर्यंत फोनवर प्रतीकशी बोलायला लागले होते. "एक दिवस उशीर हुतोय. न्हाई न्हाई, काळजीचं काय न्हाई. आमच्या एका म्हाताऱ्या माणसाकडनं जरा चूक झाली. पाणी गेलं आत. व्हय, खंडेनवमीचं. आता काय बोलायचं त्यांना, वय झालं."

चाचा सहा फुटांवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. हातमोज्यांची जोडी नीट जुळवून मांडीवर ठेवली.

मी साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिले. ते बोलत राहिले. मी तशीच उभी राहिले. शेवटी त्यांनी फोन जरा बाजूला घेतला. "काय?"

"पाणी चाचांनी ओतलं, सर. पण ते प्यायला फोम मी आत ठेवला होता."

"कुठला फोम?"

"बाजूच्या पोकळ्यांमधला. एक एक फूट. मी तुम्हाला फोनवर सगळा काढला म्हणाले होते. काढला नव्हता."

साहेबांनी फोनमध्ये "दोन मिनटात करतो" म्हटलं आणि बंद केला. ते ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. माझ्या ओल्या बाहीकडे बघत म्हणाले, "कार्ड आण."

मी कार्ड आणलं. त्यांनी खिशातलं पेन दिलं. मी १००% वर काट मारली आणि शेजारी लिहिलं, दोन्ही बाजूंना मागचा सुमारे एक फूट बाकी. त्याखाली सही आणि आजची तारीख. त्यांनी ते वाचलं.

"पलटणीत असतो तर आत्ता तुला ग्राउंडाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या," ते म्हणाले. "पण तू फेऱ्या मारून फोम बाहेर यायचा न्हाई. फोन लाव त्या पोराला. तूच सांग."

मला फोनवर बोलायला आवडत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मी लावला आणि सांगितलं. प्रतीकनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाला, "येतो."

चार वाजता तो शेडमध्ये आला. चप्पल दारात काढली, का कोण जाणे. पूजेचा झेंडू अजून मशिनांवर होता म्हणून असेल. मी दोरीच्या टोकाला हूक बांधून आतून फोमचा एक तुकडा काढून ठेवला होता. त्यानं तो हातात घेतला आणि मुठीत दाबला. पाणी कोपरापर्यंत आलं.

"ह्यो तुमी ठेवलेला?"

"हो."

"का?"

"वरून कोरडा दिसला. आणि मला कंटाळा आला होता."

साहेब खोकले. इतकं खरं सांगायची गरज नव्हती, असं त्या खोकल्यात होतं. प्रतीकनं तुकडा टेबलावर ठेवला.

"मॅडम, मी त्या ड्रमाला धरून हुतो ना, तवा हात असं सुन्न झालं हुतं. बोटं उघडत न्हवती. मला काढायला आलेल्या लाँचवाल्यानं एकेक बोट सोडवलं." त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "तुमी मला हे न सांगता दिलं असतं तर मी गोव्यात समुद्रात घेऊन गेलो असतो."

मग त्यानं वही मागितली. वजनांची. तो ती उभ्यानंच वाचायला लागला, बोट आकड्यांवरून फिरवत. आल्यावर किती, फोम किती निघाला, कापड आणि रेझिन किती चढलं, रोज किती उतरलं. मला आश्चर्य वाटलं, मग वाटलं नाही. त्याच्या घरात तीन पिढ्या हेच करतात.

"आमच्याकडं माल भट्टीत घालायच्या आधी वजन, काढल्यावर वजन," तो म्हणाला. "फरक आला की शटर खाली. कोण घरी जात न्हाई. फरशी झाडायची, धूळ गोळा करायची, ती पण वितळवायची. फरक सापडंस्तवर." वही मिटली. "तुमचा फरक सापडला का सगळा?"

"दोनशे ग्रॅम बाहेर आलं. बाकी सोळाशे त्या फोममध्ये असावं."

"असावं?"

"नक्की माहीत नाही."

"मग नक्की करा. तवर काय ओतू नका."

"आवं, पण स्पर्धा?" साहेबांनी विचारलं.

प्रतीक सहा महिने तिची तयारी करत होता, हे आम्हाला माहीत होतं. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि चपला घालून गाडीकडे गेला. मला तो काही वाईट बोलला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रेच्या दोन्ही कडांना तीन तीन गोल भोकं पाडली. मजबुती दिलेल्या सांध्यापासून बोटभर अंतर होतं. खुणा मी केल्या, मशीन चाचांनी धरलं. कालपासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. पहिली चकती निघाली, तिच्या मागे ओला फोम दिसला. चाचांनी मशीन खाली ठेवलं.

"बेटा," ते म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीलाही मी धुणार. आत्ताच सांगून ठेवतो."

मी हो म्हणाले. त्यांनी दुसऱ्या भोकावर मशीन टेकवलं.

दोन बादल्या ओला फोम निघाला, एक किलो नऊशे ग्रॅम. या वेळी मी प्रत्येक भोकातून हात घालून भिंतीला नख लागेपर्यंत खरवडलं, आणि माझ्यानंतर साहेबांनी आरसा आणि टॉर्च घेऊन स्वतः पाहिलं. तो फोम आम्ही पत्र्यावर उन्हात पसरला. तीन दिवसांनी पूर्ण वाळल्यावर तो तीनशे ग्रॅम भरला. म्हणजे त्यात सोळाशे ग्रॅम पाणी होतं. चकत्या वर ठेवून हल काट्यावर घेतला तर ६३.१. आधीच्या ६३.४ मधून तो तीनशे ग्रॅम जुना फोम वजा केला की बरोबर तेवढंच येतं. मी वहीच्या पानाचा फोटो प्रतीकला पाठवला. उत्तर आलं, "आता ओता."

ओतणंही सोपं नव्हतं. फोम फुगताना गरम होतो. एकदम जास्त ओतला तर उष्णता आत अडकते, फोम मधोमध करपतो, आणि त्याच्या जोरानं हलचा तळ बाहेर फुगतो. तळ फुगला तर मशीन पाण्यात सरळ चालत नाही. म्हणून एका वेळी तीनशे ग्रॅम, मग अर्धा तास थांबायचं. तळाला स्टीलची सरळ पट्टी लावून मी उजेड जातोय का बघत होते. सातव्या घाण्याला डाव्या बाजूला पट्टीखाली केसाएवढी फट दिसली. सगळे थांबले. चाचांनी तळाला पालथा हात लावला आणि तसाच ठेवला. आम्ही वाट बघत राहिलो. पंचवीस मिनिटांनी फट गेली. त्यानंतर आम्ही दोनशे ग्रॅमच ओतला. सगळं भरायला दोन दिवस लागले.

भोकांवर चकत्या बसवून, वर कापडाचे तीन थर देऊन ती बंद केली. आता आत काय आहे ते मलाही दिसणार नव्हतं. राहिलं होतं ते पाण्यात घालून बघणं.

विट्याजवळ प्रतीकच्या चुलत्यांची द्राक्षाची बाग आहे आणि बागेला शेततळं. निळ्या जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, वीस फूट खोल. अशा तळ्यात पडलं की वर येता येत नाही, कागद शेवाळानं निसरडा असतो. साहेबांनी आधी दोन बाजूंना दोर आणि टायर सोडले, मग प्रतीकच्या कमरेला दोर बांधून त्याचं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. इंजिन अजून बसवलं नव्हतं. त्याच्या जागी आम्ही तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या पट्ट्यांनी आवळल्या होत्या.

हल तळ्यात सोडला. तो तरंगला, पण त्यात काही विशेष नव्हतं. बुडण्याआधी तो मे महिन्यातही तरंगतच होता. प्रतीक लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरला आणि बादलीनं इंजिनच्या कप्प्यात पाणी ओतायला लागला. काठापर्यंत. हल खाली बसत गेला. ट्रे पाण्याखाली गेला. नाक खाली झुकलं, आणखी झुकलं. चुलते काठावर हात मागे बांधून उभे होते. मी सेकंद मोजत होते, मग मोजायचं विसरले.

नाक पाण्याच्या वर वीतभर राहिलं आणि थांबलं.

प्रतीकनं दोन्ही हात त्याच्यावर टाकले आणि सगळा भार दिला. ते दोन बोटं खाली गेलं आणि परत वर आलं. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा वर आलं. मग तो तिथेच, नाकाला मिठी मारून, पाण्यात बराच वेळ राहिला. साहेबांनी दोर ढिला सोडला होता.

"वर येतोस का रं?" चुलत्यांनी विचारलं.

"थांबा वो," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या जरा."

हल आम्ही चोवीस तास तसाच पाण्यानं भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून उपसला, पिशव्या सोडल्या, पुसला आणि बागेतल्या द्राक्षाच्या पेट्या तोलायच्या काट्यावर ठेवला. आदल्या दिवशी त्याच काट्यावर जेवढा भरला होता त्यापेक्षा शंभर ग्रॅम जास्त. मी फडकं घेऊन पंपाच्या भोकाची आतली कड पुसली. आकडा जुळला.

इंजिन बसवल्यावर प्रतीकनं त्या डिसेंबरात जेट स्की कोचीला नेली. गोव्यातली स्पर्धा गेली ती गेलीच. त्यानंतर त्यानं आमच्याकडे काम पाठवलं, पण फोन मला करत नाही, साहेबांना करतो. ते ठीक आहे.

मी अजून तिथेच आहे. आता शेडमध्ये कोणी काम झालं म्हणून सांगितलं, तर झालं का असं मी परत विचारत नाही. त्याला माणूस हो म्हणतो, मीही म्हणाले होते. मी विचारते, काय राहिलंय. लोक थोडे चिडतात. मग आठवून सांगतात.